नारीनवाले तक्रार करत नाहीत

"मुलं किती तुला?" शेजारच्या बाईनं विचारलं आणि दामिरा "एक" म्हणून मोकळी झाली. मार्शरुत्का, शहरातली ती छोटी बस, बाजाराच्या वळणावर अडकली होती. आत माणसं कोंबलेली, बाईच्या मांडीवर जर्दाळूंची पेटी, आणि उघड्या खिडकीतून पॉप्लरच्या झाडांचा पांढरा कापूस आत येऊन सगळ्यांच्या केसांवर बसत होता. "एकच? असू दे, असू दे, अजून वय आहे तुझं," असं म्हणून बाईनं एक जर्दाळू तिच्या हातावर ठेवला आणि मग स्वतःचंच सुरू केलं. "माझ्या जावेच्या पोरीचा निकाल आहे आज. दहाच्या ठोक्याला पान उघडणार बघ मी. तीन फोन घेऊन बसणार आहे, एक माझा, एक नवऱ्याचा, एक सुनेचा. दिसला निकाल की सगळ्यांच्या आधी जावेला फोन, आणि सुयुन्चू! गेल्या वर्षी पुतण्याच्या वेळी माझा दीर पुढे घुसला. चांगली लोकरीची शाल उपटली मेल्यानं, फुकट. या वेळी नाही सोडायची." दामिरा हसली. त्या तीन फोनांना पान द्यायचं काम आज आपल्यालाच करायचं आहे हे काही तिनं बाईला सांगितलं नाही. जर्दाळू तिनं खाल्ला, बी मुठीत धरून बसली, आणि आपण "एक" असं का म्हणालो याचा विचार करायचा नाही असं ठरवून तोच विचार करत राहिली.

तसं पाहिलं तर खोटं काही बोलली नव्हती ती. मुलगा झाल्यापासून तिचं हेच उत्तर होतं आणि बिश्केकमध्ये त्याला कुणी खोटं म्हटलं नसतं. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, हा काही तिच्या सासूनं काढलेला कायदा नव्हता. तिच्या वडिलांचे थोरले भाऊ असेच वाढले होते, शाळेतली निम्मी पोरं अशीच वाढली होती. आजीला आई म्हणायचं, आणि जन्म देणारी सुट्टीत पाव-बिस्किटं घेऊन आली की तिला एजे म्हणायचं, थोरली बहीण. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दामिरालाही वाटत नाही असं ती सतरा वर्षं म्हणत आली होती. मग आज त्या एका शब्दानं शितासारखं घशात का अडकून बसावं? कारण आज आजीकडे वाढलेल्या आकमारलचा निकाल होता. कारण दहा वाजता तो निकाल साऱ्या देशाला दाखवण्याचं यंत्र दामिराच्या हातात होतं, आणि तरीही गाडीतल्या एका परक्या बाईला "माझ्याही पोरीचा आज निकाल आहे" एवढं साधं वाक्य तिला म्हणता आलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला. मग बाईचा आला. मग सासूचा, जो नेहमीच येतो आणि ज्याचा काही उपयोग नसतो.

परीक्षा केंद्राच्या तळघरात पोचल्याबरोबर ती आधी गार हवेच्या यंत्रांच्या जाळ्या बघायला गेली, कारण जूनमध्ये हा कापूस जाळ्यांत बसतो, यंत्रं घुसमटतात आणि सर्व्हर तापतात. गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी साइट सहा तास बंद पडली होती. मंत्री टीव्हीवर लालबुंद झाले. चौकशीला एक परदेशी सल्लागार आणला. त्यानं आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले आणि म्हणाला की परीक्षेला बसलेली मुलं साठ हजार आणि पहिल्या दहा मिनिटांत पान मागणारे चौदा लाख, तेव्हा हा नक्की कुणीतरी मुद्दाम केलेला हल्ला आहे. दामिरानं त्याला सांगितलं, हल्ला वगैरे काही नाही हो, आत्या आहेत. आत्या, मावश्या, मामेभाऊ, भावाचे मेव्हणे, वरच्या मजल्यावरची शेजारीण. चांगली बातमी जो सर्वांत आधी आणेल त्यानं "सुयुन्चू" म्हणायचं, आणि घरच्यांनी त्याला काहीतरी द्यायचं. त्यानं तोंडानं मागितलं तर मागेल ते द्यायचं. "म्हणजे लोक भेटवस्तूसाठी तुमची साइट पाडतात?" सल्लागारानं विचारलं. "भेटवस्तूसाठी नाही," दामिरा म्हणाली, आणि कशासाठी ते तिला नीट सांगता आलं नाही. पहिलं असण्यासाठी. कुणाच्या तरी आनंदाच्या दारात आपण सगळ्यांत आधी उभं असण्यासाठी. सल्लागारानं अहवालात लिहिलं की स्थानिक कारणांमुळे वर्दळ अपेक्षेपेक्षा जास्त असते.

त्यावरचा उपाय दामिरानंच काढला होता. घरच्या सर्व्हरची ताकद वाढवायला पैसा नव्हता आणि वर्षातल्या एका सकाळसाठी तो कुणी देणारही नव्हतं. तेव्हा निकालाची एक नक्कल जर्मनीतल्या भाड्याच्या यंत्रांवर ठेवायची. घरची रांग ठरलेल्या खुणेच्या वर गेली की जादा माणसं गुपचूप तिकडे वळवायची. माणसाला कळतही नाही. त्याला वाटतं पान बिश्केकमधूनच आलं. घरचं यंत्र मात्र शांत राहतं, त्याचा श्वास कोंडत नाही. सगळं ठीक होतं, फक्त तिचे वरिष्ठ सातिबाल्दी बैके यांनी त्यात आपली एक पाचर मारून ठेवली होती. अंतिम यादी वेळेआधी देशाबाहेर जाता कामा नये. त्यामुळे जर्मनीतल्या यंत्रांवर चाचणीपुरती मे महिन्यातली कच्ची यादी ठेवली होती. त्यानंतर एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं धरलं गेल्याचं निघालं, फेरतपासणी झाली, पुष्कळांचे गुण थोडे वर-खाली झाले. अंतिम यादी निराळी होती. ती पावणेदहाला, हातानं, दामिरानं तिकडे चढवायची. हे काम दोन मिनिटांचं. तिनं फोनवर पावणेदहाचा गजर लावून ठेवला होता.

गजर वाजला तेव्हा ती खुर्चीतच होती. सातिबाल्दी बैके वर मंत्रालयाच्या लोकांना चहा पाजत होते, तळघरात कुणी नव्हतं, आणि समोर जर्मनीतल्या यंत्राची खिडकी उघडीच होती. आकमारलचा निकाल आधी बघायचा नाही अशी शपथ तिनं घेतली होती. घरच्या सर्व्हरवर बघितला तर कुणी केव्हा काय उघडलं याची नोंद राहते. पण तिकडच्या यंत्रावर नोंद तिची तीच ठेवत होती. बोटांनी आकमारलचा परीक्षेचा नंबर आपणहून टाइप केला. सासूनं हिवाळ्यात फोनवर वाचून दाखवला होता तेव्हापासून तो तिला पाठ होता, स्वतःचा जन्मदिवस पाठ असावा तसा. आकमारल नासिप-किझी, आट-बाशी, नारीन प्रांत. दोनशे एकवीस. दामिरानं खाली सोनेरी दाखल्याची रेघ पाहिली, दोनशे एकोणीस. पुन्हा वर पाहिलं. दोनशे एकवीस.

सोनेरी दाखला म्हणजे वैद्यकीयला मोफत जागा, म्हणजे बिश्केक, म्हणजे दामिराचं घर. जानेवारीत आकमारल स्वतःच म्हणाली होती, "सोनेरी मिळाला तर मी तुमच्याकडे राहीन, एजे. चालेल ना?" चालेल ना! पोटच्या पोरीनं विचारलं होतं, चालेल ना. त्या रात्री दामिरा नवऱ्याला, नासिपला, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं काचा लावलेल्या गॅलरीसाठी पडदा आणला, पिवळ्या फुलांचा, आणि मुलगा एर्निसची सायकल, नासिपचे नकाशांचे गठ्ठे, लोणच्याच्या बरण्या असं सगळं तिथून हलवून एक खाट टाकली. एर्निस म्हणाला, "ही कुणासाठी?" ती म्हणाली, "असू दे." आणि तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू घट्ट होत गेली होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर लोक हसले असते. दहाच्या ठोक्याला तिनं स्वतः आकमारलला फोन करायचा. सगळ्या आत्या-मावश्यांच्या आधी. सुयुन्चू म्हणायचं. पोरगी हसून विचारणार, काय देऊ एजे? मग मागायचं. मागेल ते द्यावंच लागतं. मला एकदा आई म्हण. एकदाच, फोनवर, कुणी ऐकत नसताना. पुन्हा नाही म्हटलंस तरी चालेल.

बारा दिवसांची होती आकमारल, सासू आली तेव्हा. दामिरा चोवीस वर्षांची, वसतिगृहाच्या खोलीत नवऱ्याबरोबर, पदवीची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर, खोलीत एक खाट, एक टेबल, आणि दोरीवर वाळत घातलेली दुपटी डोक्याला लागायची. बुबुकान आपा नारीनहून रात्रभर प्रवास करून पाळणाच घेऊन आली होती. सामानासारखा तिनं तो दारात ठेवला. आदल्याच वर्षी तिचा नवरा गेला होता, घर रिकामं होतं. ती ओरडली नाही, हिसकावून घेतलं नाही. चहात पाव बुडवून खात खात म्हणाली, "तुला आणखी होतील गं. इथं तुम्हालाच जागा पुरत नाही. हिला मी नेते. माझ्याकडे गाय आहे." नासिप आईपुढे आयुष्यात कधी बोलला नव्हता, तो त्या दिवशी तरी कुठून बोलणार. आणि दामिरा? इतकी वर्षं तिनं आपल्या मनाला हेच सांगितलं होतं की मला कुणी विचारलंच नाही. ते साफ खोटं होतं. आपानं तिच्याकडे बघितलं होतं, चांगलं निरखून, पाव हातात तसाच धरून, आणि वाट बघितली होती. दामिरा "नको" म्हणाली असती तर म्हातारी कदाचित पाळणा ठेवून परत गेली असती. दामिरा काहीच बोलली नाही. त्यांची गाडी गेल्यावर ती खाटेवर आडवी झाली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा सलग नऊ तास झोपली. जागी झाली तेव्हा दुधानं कपडे भिजले होते, छाती दगडासारखी झाली होती, आणि तरीही पहिला विचार मनात आला तो हा की आता अभ्यास होईल. दूध आटायला दोन आठवडे लागले. परीक्षेत ती पहिली आली. त्या नऊ तासांच्या झोपेबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही, आणि सासूलाही नाही, कारण सासूला सगळं ठाऊक होतं.

पोरगी तिला एजे म्हणायला लागली तेव्हा लोकांना गंमत वाटली. दोघीही त्या म्हातारीला आपा, म्हणजे आई, म्हणत, मग एकमेकींच्या त्या बहिणी नाहीत तर कोण! उन्हाळ्यात गेलं की आकमारल लांबून बघायची, मग नमस्कार करायची, मग शहरातून काय आणलं ते विचारायची. सहा वर्षांची असताना गुडघा फुटून रडत आली तेव्हा दामिरानं हात पुढे केले होते. पोर त्या हातांखालून वाकून आजीच्या कुशीत शिरली. वाईट कुणीच वागलं नव्हतं. दुसरीकडे वळवलेल्या माणसाला उत्तर तिकडूनच मिळतं, तो कशाला मागे वळून बघेल? हे यंत्राच्या बाबतीत दामिरा नव्या लोकांना शिकवत असे, आणि शिकवताना तिला स्वतःचं काही आठवत नसे. आज आठवलं. दोनशे एकवीस या आकड्याकडे बघत ती किती वेळ बसली कोण जाणे. हातात फोन होता, आकमारलचं नाव काढून ठेवलं होतं, ओठ वाक्याची तयारी करत होते. मग जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि भिंतीवरच्या घड्याळात दहाला एक मिनिट कमी होतं.

दहाला आभाळ फाटलं. सातिबाल्दी बैके धापा टाकत आत आले तेव्हा पडद्यावरची रेघ उभीच्या उभी वर चालली होती. परदेशात राहणारे सगळे, मॉस्कोचे, नोवोसिबिर्स्कचे, इस्तंबूलचे, आपोआप जर्मनीकडे वळले, तरी घरची रांग हटेना. "पडतंय का? पडतंय का गं?" बैके तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. "वर उपमंत्री बसलेत फोन घेऊन. त्यांच्या साल्याचा मुलगा आहे. बिश्केक पडता कामा नये, दामिरा, काय वाटेल ते कर!" "एखादा प्रांत अख्खा बाहेर पाठवावा लागेल, बैके." "मग पाठव की! ओश नको. ओशवाले दोन मिनिटं थांबले की वर्तमानपत्राला फोन करतात. चुय प्रांत म्हणजे आपल्या दारातच, लगेच इथं येऊन भांडतील." "नारीन पाठवू?" हे तिनंच म्हटलं. बैकेंनी सुचवलं नव्हतं. "नारीन," बैके म्हणाले, "हां, नारीन. चालेल का?" "चालेल. नारीनवाले थंडीला सरावलेले आहेत. तक्रार करत नाहीत ते." बैके हसले, ती पण हसली, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी तिनं नारीन बाहेर पाठवला. रेघ एकदम खाली आली. बैकेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिल्यासारखं केलं आणि वरच्यांना सांगायला पळाले. रेघ तिथंच टिकतेय ना हे बघण्यात आणखी नऊ मिनिटं गेली.

तिनं फोन लावला. पाच वेळा व्यस्त, मग लागला, आणि पलीकडे एवढा गलका की तिला आपला आवाज चढवावा लागला. "आकमारल! सुयुन्चू! ऐकतेस का? सुयुन्चू!" "हो एजे!" पोरगी हसत होती, श्वास लागला होता तिला. "कळलं आम्हाला. जुमाकान काकूनं सांगितलं, दहा वाजून तीन मिनिटांनी आली धावत. आपानं तिला कानातले डूल काढून दिले, स्वतःचे, चांदीचे! मेंढा आणायला माणूस गेलाय. एजे, दोनशे एकवीस!" "हो," दामिरा म्हणाली. "मला माहीत होतं." "तुम्हाला आधीच माहीत होतं?" पोरीला त्याचं काय वाटलं ते आवाजावरून कळलं नाही. "मग आधी नाही का सांगायचं? एजे, इथं सगळी माणसं आलीत, मी नंतर करते हं." मागे म्हातारीचा आवाज आला, "कोण आहे?" आणि आकमारल म्हणाली, "कुणी नाही गं आपा, दामिरा एजे."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. जुमाकान म्हणजे कुंपणापलीकडची, दात पडलेली, उधार साखर नेणारी बाई. तिच्या कानात आता बुबुकान आपाचे डूल असणार. शेजारणीलासुद्धा पान आधी मिळालं, आणि मिळालं कारण दामिरानं नारीनला जर्मनीच्या मोकळ्या यंत्रांवर पाठवलं. बिश्केकच्या रांगेत असती तर अजून चकराच मारत बसली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ठीक आहे, तिनं स्वतःला समजावलं, सप्टेंबर आहे, गॅलरी आहे, पाच-सहा वर्षं आहेत, सकाळी एका टेबलावर चहा आहे, कधीतरी म्हणेल ती आपल्या आपण. आणि आपल्या आपण म्हटलेलं जास्त खरं, मागून घेतलेलं काय मोठं? असं म्हणता म्हणता तिची नजर जर्मनीच्या खिडकीवर गेली. यादीच्या वर तारीख होती. तारीख मे महिन्याची होती.

पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही. मग एकेक करून सगळं कळत गेलं. पावणेदहाचा गजर. तो नंबर. दोनशे एकवीस. अंतिम यादी घरच्या यंत्रावर जशीच्या तशी बसलेली, तिकडे चढवायची राहून गेलेली. तिनं घरची यादी उघडली, आता नोंद राहिली काय नि न राहिली काय. आकमारल नासिप-किझी, दोनशे सोळा. रेघ दोनशे वीसवर गेलेली. तिनं हात चालवले, त्या हातांना सवय होती. दोन मिनिटांत अंतिम यादी तिकडे गेली, आणि त्या क्षणापासून नारीनमध्ये जो कोणी पान उघडेल त्याला खरं दिसणार होतं. पण ज्यांना ते उघडायचं होतं त्यांनी कधीच उघडलं होतं, सुयुन्चू घेऊन झालं होतं, मेंढे आणायला माणसं गेली होती. आनंदाचं पान कुणी दुसऱ्यांदा उघडून बघत नाही. तिनं मोजलं तर एकट्या नारीनमध्ये चार हजार घरं निघाली. काहींना खरे गुण जास्त होते, त्यांचं काही नाही. उरलेल्यांचं काय?

सातिबाल्दी बैकेंनी सगळं ऐकलं तेव्हा ते आधी दार लावून आले. ते वाईट नव्हते, घाबरट होते, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "तू विसरलीस?" "हो." "तू? सोळा वर्षांत कधी विसरली नाहीस ती तू?" बैकेंनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "यंत्रं कुणाची? जर्मनांची. मग गोंधळ कुणाचा? त्यांचाच. बाहेरच्या सेवेतल्या तांत्रिक अडचणीमुळे काही प्रांतांत जुनी माहिती दिसली, दिलगीर आहोत. बस्स. ते काय इथं भांडायला येणार आहेत?" "त्यांची चूक नाहीये, बैके." "मग काय तुझं नाव लिहू? लिहू का, सांग!" दामिराला वाटलं आता आपण म्हणणार, लिहा. तोंड उघडलंही होतं. पगार, एर्निसची शाळा, आपण नसलो तर पुढच्या वर्षी हे यंत्र कोण सांभाळणार, असं एकामागून एक समोर उभं राहिलं आणि तिनं तोंड मिटलं. बैकेंनी मौनाचा अर्थ बरोबर लावला. पाळणा दारात ठेवलेला असतानाही ती अशीच गप्प बसली होती. सूचना स्वतः बैकेंनी टाइप केली, दामिरानं फक्त एक शब्द दुरुस्त करून दिला.

चांगली बातमी घेऊन माणसं धावतात, तीन-तीन फोन घेऊन बसतात, दीर शाली पळवतात. वाईट बातमीसाठी कुणी रांग लावत नाही. ती सांगायला एखाद्या म्हाताऱ्याला पुढे करतात, तो इकडचं-तिकडचं बोलतो, हवापाण्याचं, गुराढोरांचं, आणि तासाभरानं मुद्द्यावर येतो. घरात मेंढा येऊन पोचला असेल आता. दामिरानं ठरवलं की हे आपणच सांगायचं. त्यात धाडस थोडंच होतं. खरं म्हणजे तिला, लाज वाटावी असा, एक सूक्ष्म हावरेपणा वाटला. या बातमीत तरी आपल्यापुढे कुणी नसेल. सूचना टाकून पाचच मिनिटं झाली होती. तिनं फोन उचलला आणि पहिल्याच घंटेला आकमारलनं घेतला.

"आकमारल, जरा बाहेर ये. अंगणात ये." "आलेच आहे मी अंगणात, मेंढा बघतेय. बोला ना." "निकाल चुकीचा दिसला तुम्हाला. जुनी यादी होती ती. खरे गुण दोनशे सोळा आहेत." पलीकडे कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. "ऐकतेस का?" "सोनेरी नाही मग." "नाही." "वैद्यकीय पण नाही." "दुसरीकडे मिळेल. तू तरीही ये, इथं काहीतरी बघू, मी खाट टाकली आहे, मी..." दामिराच्या लक्षात आलं की आपण विनवतोय. पोरगी मध्येच म्हणाली, "पण माझ्या वर्गातली जिबेक तिच्या मामाकडे आहे ना, बिश्केकला. तिनं बघितलं तिला बरोबर दिसलं. ती मघापासून सांगतेय काहीतरी चुकलंय, मी म्हटलं जळतेस तू. तिला बरोबर दिसलं आणि आम्हाला चुकीचं, असं कसं?" जर्मनांची तांत्रिक अडचण, हे शब्द अगदी तयार होते जिभेवर. दामिरानं ते गिळले. दिवसातलं तेवढं एकच काम तिनं धड केलं.

"मी पाठवलं तुम्हाला दुसरीकडे. नारीनला. बाहेरच्या यंत्रावर. आणि तिकडे नवी यादी टाकायला विसरले. माझी चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

"आम्हालाच का?"

मेंढा ओरडला. त्याला कुणीतरी ओढत नेत असावं.

"इथं जागा पुरत नव्हती," दामिरा म्हणाली.

पोरीनं नाक ओढल्याचा आवाज आला. रडत नव्हती ती. रडली असती तर बरं झालं असतं असं दामिराला वाटलं, रडणाऱ्याला काहीतरी म्हणता येतं. "हं," आकमारल म्हणाली. "आपा पण हेच सांगते. मी लहानपणी विचारायचे ना, की मी इथं का, तेव्हा हेच सांगायची. त्यांचा राग नको करूस, तिथं जागा नव्हती, असं." दामिराच्या तोंडून तिचं नाव निघालं, नुसतं नाव. "एजे, आपाला तुम्ही फोन करू नका. तिला मीच सांगते. आधी तिचं जेवण होऊ दे. मेंढा थांबवते मी. जुमाकान काकूकडून डूल परत मागता येणार नाहीत, राहू देत." तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता, हुबेहूब, शेवटचा शब्द दाबून बोलण्याची तीच ढब. "तुम्ही ठेवा आता. गर्दी असेल तुमच्याकडे."

"नाही गं, आता नाहीये गर्दी," दामिरा म्हणाली. पण फोन केव्हाच बंद झाला होता.